काकाजींची आडवी रेघ

त्यांना निसर्गप्रेमी म्हणू नका. शोकसभेत एकामागून एक सगळे वक्ते तेच म्हणाले आणि दरवेळी मला उठून माइक हिसकावावासा वाटला. मोर्चात मी ते केलंही असतं. पण पहिल्या रांगेत त्यांचा मुलगा मान खाली घालून बसला होता, म्हणून गप्प राहिले. तेव्हा गिळलेलं इथे लिहिते.

निसर्गप्रेमी माणूस जंगलात जातो, पक्ष्याचा फोटो काढतो आणि परतताना पाण्याची रिकामी बाटली गाडीच्या खिडकीतून भिरकावतो. काकाजी असलं काही करत नसत. ते दर रविवारी बाजारातून मासोळी आणत, अंगणात बसून राख लावून स्वतः साफ करत, लसूण-मिरची वाटून रस्सा करत, आणि ताट घेऊन बसताना काचेच्या पेटीकडे पाठ करून बसत. पेटीत दोन जिवंत मरळी होत्या, बोडीतल्या मासोळ्या. एक थोरली, एक धाकटी. पाठ कशाला, असं मी एकदा विचारलं.

"त्याइच्या डोळ्यासमोर कसा खाऊ?" ते म्हणाले. "आपल्याले काई लाज?"

असा माणूस. आता कोणी त्यांच्या फोटोखाली 'निसर्गप्रेमी' लिहिलं, तर मला राग येणार नाही का?

मी त्यांची भाडेकरू होते. मी मूळची केशोरीकडची. संघटनेच्या कामासाठी तिरोड्याला आले, आणि अविवाहित पोरगी, त्यात पत्रकं वाटणारी, म्हणून मला कोणी खोली देईना. काकाजींनी दिली. त्यांनी माझी जात विचारली नाही, लग्न विचारलं नाही, रात्री किती वाजता येते ते विचारलं नाही. खोलीच्या मधोमध उभं करून एवढंच विचारलं, "इथं उभी राह्य. आता सांग, तुले कोन्या बाजूनं पडल्यासारखं वाटून राहिलं?" मी म्हटलं, कुठल्याच नाही. ते खूश झाले. "मंग राह्य," म्हणाले.

आडवं सरळ आहे की नाही, हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव प्रश्न होता. कोणाकडे गेले आणि चहा आला, की कप उचलायच्या आधी ते वाकून कपातल्या चहाची रेघ बघत. मग घरच्या बाईला सांगत, "माय, तुमचा टेबल खिडकीकडे उतरून राहिला." लग्नाला गेले की स्टेज कुठल्या बाजूला कललंय ते नवरदेवाच्या कानात सांगून येत. आमच्या एका सभेत अध्यक्ष बोलत असताना हे मागून उठले, आणि व्यासपीठाच्या पायाखाली वीट सारून परत जागेवर येऊन बसले. अध्यक्षांना वाटलं, विरोधकांनी माणूस पाठवला. घराच्या गच्चीवरून दूर विजेच्या कारखान्याची चिमणी दिसायची. तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "साऱ्या तालुक्यात सरळ उभी हाय ते तेवढीच."

ते शाळेत चित्रकला शिकवत असत. निवृत्त होईपर्यंत एकच शाळा, एकच खडू, एकच धडा. पाचवीतल्या पोरांना पहिलं अख्खं सत्र फक्त एक रेघ काढायला लावत. आडवी. हाताने. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्याने फूटपट्टी काढली त्याची पट्टी जप्त. आणि जप्त म्हणजे जप्त. वर्ष संपलं, पोरगा शाळा सोडून गेला, त्याला मिशा फुटल्या, तरी परत नाही. लाकडी पट्ट्यांची एक अख्खी पत्र्याची पेटी त्यांच्या पलंगाखाली होती. पट्ट्यांवर पोरांनी कर्कटकाच्या टोकाने नावं कोरलेली. गावातले मोठमोठे लोक, दुकानदार, वकील, येता-जाता हात जोडून म्हणत, सर, माझी पट्टी. सर म्हणत, "पहिले रेघ दाखव."

मलाही त्यांनी सोडलं नाही. भिंतीवर घोषणा रंगवायच्या आधी आम्ही दोरी ताणून चुन्याची रेघ मारतो. ते त्यांना बघवेना. त्यांनी दोरी गुंडाळून स्वतःच्या खिशात घातली. "पायाइले विचार जमीन कुठं हाय, मंग हात चालव," म्हणाले. आज मी बिनदोरीची भिंत रंगवते. अक्षरं ओळीत उभी राहतात. लोक विचारतात, कुठे शिकलीस?

पण ओळख झाली ती खोलीच्याही आधी, पत्रकावरून. त्यांच्या मूळ गावची बोडी बुजवायला निघाले होते. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. धानाच्या बांध्यांना पाणी तिचं, मासोळी तिची, म्हशीही तिच्यातच. कोणीतरी कागद फिरवले आणि बोडी एका रात्रीत 'पडीक जमीन' झाली. तिच्यावर प्लॉट पडणार होते. आम्ही पत्रक काढलं. मजकूर माझा होता आणि मला त्याचा अभिमान होता. तिरोड्याच्या बाजारात वाटत होते. पांढरी टोपी, पायात रबरी बूट घातलेल्या या म्हाताऱ्याने पत्रक हातभर लांब धरलं, मान तिरपी केली आणि म्हणाले, "ओळ उतरून राहिली."

मी म्हटलं, काकाजी, मजकूर वाचा.

"वाचला ना. माह्याच गावची बोडी हाय ते. पन छापणाऱ्यानं तुमाले उतारावर उभं केलं. घसरान ना बाप्पा."

आम्ही घसरलोच. ज्या दिवशी मुरुमाचे ट्रॅक्टर आले, त्या दिवशी आम्ही रस्त्यावर बसलो. पत्रकार आले, पोलीस आले, घोषणा झाल्या. गावचा एक म्हातारा माणूस, निवृत्त शिक्षक, आमच्या बाजूने बोलला असता तर फोटो पहिल्या पानावर आला असता. आणि काकाजी कुठे होते? ते दुसऱ्या बाजूने गुडघाभर चिखलात उतरून टोपलीने मरळीची पिल्लं पकडत होते. मी काठावरून ओरडले, काकाजी, इकडे या, इकडे माणसं हवीत. ते मान वर न करता म्हणाले, "तिकडं तुमी हाय ना. इकडं कोनी नाई."

त्यांनी रस्त्यावर बसायला हवं होतं, असं माझं आजही मत आहे. त्या दिवशी आम्हाला उचलून गाडीत भरलं. काकाजींनी दुधाच्या दोन कॅनमध्ये बोडीचं पाणी भरलं, त्यात पिल्लं सोडली आणि सायकलला दोन्हीकडे कॅन लटकवून तिरोड्याला आले. संध्याकाळी आम्ही सुटून आलो तेव्हा बोडी अर्धी बुजली होती, आणि त्यांच्या बैठकीत काचवाल्याकडून आणलेली चार फुटी पेटी उभी होती.

पिल्लांतली पुढे दोनच तगली. पेटीबद्दल त्यांचे कायदे होते. पेटी भिंतीलगत, उन्हापासून लांब. वर झाकण आणि झाकणावर दगड, कारण मरळ उडी मारते आणि उडी मारली की रात्रभर फरशीवर सरपटत दार शोधते. काचेवर बाहेरून एक काळी रेघ, अर्थात हाताने काढलेली, आणि पाणी त्या रेघेला लागून. पाणी एका बाजूला रेघेच्या वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसलं, की पेटी कलली. कललेल्या पेटीत सारा भार एका काचेवर पडतो, आणि काच आधी काही बोलत नाही, एकदमच बोलते. सगळ्यात मोठा कायदा पाण्याचा. पाणी बदलताना अर्धंच काढायचं. अर्धं जुनं राहू द्यायचं. स्पंजही त्याच जुन्या पाण्यात पिळायचा, नळाखाली धरायचा नाही, कारण मासोळीला जगवणारी जी काही न दिसणारी वस्ती असते ती त्या जुन्या पाण्यात आणि त्या मळक्या स्पंजात असते.

मी चिडवायची. म्हटलं, दर वेळी अर्धं काढता, मग यात बोडीचं पाणी आता किती उरलं असेल?

"अर्ध्याचं अर्धं करत गेलं तं संपते का कधी?" ते म्हणाले. "तू सांग. शिकली हाय ना."

घरी येणारा प्रत्येक माणूस पेटीसमोर उभा राहून एकच प्रश्न विचारायचा. आमच्या भागात मरळ बघून माणसाच्या तोंडाला पाणी सुटलं नाही तर त्याला डॉक्टरकडे नेतात. "सर, कधी कापता?" काकाजींचं उत्तर ठरलेलं. "पाहुन्या हायेत ह्या. पाहुनीले कापतेत का? घर भेटलं का जातीन आपल्या पायानं." पाहुणा हसायचा. काकाजी हसत नसत. त्यांना खरंच वाटायचं की आम्ही ती बोडी परत उकरून देणार. आमच्या पत्रकात तसं लिहिलेलं होतं. आमच्या संघटनेत त्या वाक्यावर विश्वास ठेवणारा तो एकच माणूस होता, आणि तो सभासदही नव्हता.

मरळीला पाण्यातला श्वास पुरत नाही. ती मधूनमधून वर येते, तोंड बाहेर काढून हवा गिळते आणि पलटते. तेव्हा टप्प असा आवाज होतो. दुपारच्या सामसुमीत माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचा. काकाजी पलंगावर पडल्या पडल्या ओळखायचे. "थोरली," म्हणायचे, किंवा "धाकटी." मला दोन्ही सारखेच वाटायचे.

मग ते अंगणात पडले. मांडीचं हाड. नागपूरहून मुलगा आला, दवाखाना झाला, काठी आली आणि पाठोपाठ निर्णय आला. घर विकायचं, काकाजींनी नागपूरला राहायचं. मलाही खोली सोडावी लागणार होती, म्हणून दुसरी एक बघून ठेवली होती. मुलगा वाईट नव्हता. थकलेला होता. बापाने अख्खं बालपण त्याला घरी सर आणि शाळेत अनोळखी म्हणून वागवलं होतं, तरी आठवड्याला दोनदा गाडी चालवत येत होता. पण पेटीचं नाव काढलं की त्याचा आवाज चढायचा. सहाव्या मजल्यावर एवढं वजन? सोसायटीवाले काय म्हणतील? आणि मरळ कोणी पाळतं का, बाबा? कोणाला तरी देऊन टाका, रविवार साजरा करतील.

काकाजी त्यावर काही बोलले नाहीत. मी बोलले. मी म्हटलं, जाऊ नका, घर तुमचं आहे, सही करू नका, आम्ही उभे राहू. ठराव लिहायलासुद्धा घेतला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुह्या नव्या खोलीची फरशी कशी हाय?"

मी म्हटलं चांगली आहे, टाइल्स आहेत.

"चांगली नाई विचारलं. सरळ हाय का?"

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते असं मागितलं. मी ठराव फाडून टाकला.

पेटी हलवायच्या दिवशी आमचे दोन कार्यकर्ते आले, दोघेही अंगाने भक्कम आणि मताने त्याहून. काकाजी काठी टेकून खुर्चीत, हुकूम तिथून. आदल्या दिवसापासून मरळींना उपास. नळीने पाणी खाली ओढून दुधाच्या कॅनमध्ये आणि एका ड्रममध्ये भरलं. ओली वाळू घमेल्यात. मरळी झाकणाच्या बादलीत, थोड्याशा पाण्यात, वर ओला गोणपाट आणि दगड. बोटभर पाणी तळाशी उरलं तेव्हा एक कार्यकर्ता म्हणाला, राहू द्या ना सर, एवढ्याने काय होते. काकाजींनी त्याला पंचा दिला. हलताना तळाचं पाणी एका कोपऱ्यात धावतं आणि काचेचा सांधा उघडतं. पुसून कोरडी झाल्याशिवाय पेटीला हात लावू दिला नाही. काठाला धरून उचलायची नाही, तळाखाली हात घालायचे. जुन्या दाराची फळी, तिच्यावर गोधडी, गोधडीवर पेटी.

टेम्पो नको म्हणाले. टेम्पोवाल्याला घाई असते. ओळखीचा ठेलेवाला बोलावला, दोन ठेल्यांसकट. त्याने रिकाम्या पेटीत वाकून बघितलं. "मास्टरजी, अंदर कौन है?"

"अबी कोई नही," काकाजी म्हणाले. "तू चल धीरे धीरे."

ठेल्यावर पेटी, मागच्या ठेल्यावर कॅन, ड्रम, बादली, आणि सगळ्यांच्या पुढे काठी टेकत काकाजी, हातातल्या छत्रीने मोटारसायकली थांबवत. रस्त्यातल्या लोकांना कळेना की वरात आहे की दुसरं काही. एका दुकानदाराने उठून हात जोडले. काकाजी न थांबता म्हणाले, "बस खाली. जिवंत हायेत सारे." मुलगा गाडी घेऊन संथपणे मागे येत होता. तासाभरात नागपूरला निघायचं होतं. गाडीत काकाजींचं सामान भरलेलं होतं, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीसकट.

माझी नवी खोली तळमजल्यावर. टाइल्स चकचकीत आणि मिस्त्रीने सगळा उतार मोरीकडे काढलेला. काकाजींनी पिशवीतून पाणसळ काढली. गवंड्याकडे असते ती, पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक टोक माझ्या हातात. "हलू नको. श्वासही हळू घे." दुसरं टोक धरून ते लोखंडी स्टँडच्या चारही कोपऱ्यांवर फिरले. मोरीकडचा एक पाय बोटाच्या पेराएवढा अधांतरी निघाला. त्याखाली काहीतरी घालायला हवं. पायाखाली, पेटीखाली नाही. पेटीखाली फक्त थर्माकोलचा सपाट थर. भार असतो तो स्टँडच्या पायाने उचलावा, काचेने नाही. एवढं सांगून ते बाहेर गेले, कारण व्हरांड्यात बादली हलल्यासारखी वाटली.

आमच्या कार्यकर्त्यांनी काय केलं असेल? खोलीच्या कोपऱ्यात उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे होते. बोडी बचावचे. उरलेली पत्रकं ही आमच्याकडे कधीच न संपणारी वस्तू. एक गठ्ठा मोजून-मापून घडी घातला, पायाखाली सारला. नेमका बसला. पाणसळ दोन्हीकडे सारखी. वर पेटी चढवली, वाळू घातली, कॅन रिते केले. पाणी काळ्या रेघेच्या जरा खाली येऊन थांबलं, दोन्ही टोकांना सारखंच खाली. दोघांनी टाळी दिली. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. माझ्या मजकुरावर शेवटी काहीतरी उभं राहिलं होतं.

काकाजी आत आले. उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून खुर्ची ओढून, गाल काचेला टेकवून बघितलं. मग काठीने स्टँडचा पाय दाखवला. "हे काय हाय?"

पत्रक आहे सर, दाबून बसवलंय.

"कागद हाय. ओल धरन, दबन, सरकन. चार रोजांत रेघ मोरीकडे जाईन." मग माझ्याकडे बघून, अगदी सौम्यपणे, "पोरी, तुह्या पत्रकावर कोनी उभं राहू शकते. पानी नाई राह्यत. पानी उपसा."

दारात मुलगा उभा होता. त्याचा संयम तिथे संपला. बाबा, मला आज पोचायचंय. दोन मासे आहेत. नंतर बघून घेतील ना ही मंडळी. मीसुद्धा म्हटलं, काकाजी, तुम्ही जा, भरलेलीच जरा उचकटून दुसरं काही सारू.

"भरल्या पेटीले हात नाई लावाचा," ते म्हणाले. "मी इथून उठत नाई."

माझ्या आजवरच्या सगळ्या धरण्यांमध्ये एवढं साधं धरणं मी पाहिलं नाही. घोषणा नाही, फलक नाही. घर गेलं तेव्हा हा माणूस एका शब्दाने बोलला नव्हता. बोडी गेली तेव्हाही नाही. आणि इथे पोर दारात, गाडी रस्त्यात, आणि हे खुर्चीत. कारण आता दुसऱ्यांदा ही पेटी सरळ करायला ते इथे नसणार होते.

कार्यकर्त्यांनी मुकाट्याने पाणी पुन्हा कॅनमध्ये ओढलं. काकाजी मुलाला म्हणाले, "गाडीतली पत्र्याची पेटी आन."

त्याने आणली. काकाजींनी ती मांडीवर उघडली. जप्त केलेल्या पट्ट्या. जुन्या लाकडी, पिवळ्या, कडा पितळी. एकेक काढून अंगठ्याने चाचपून ठरवत होते, ही जाड, ही वाकली, ही चालेल. नावं वाचत होते का, माहीत नाही. ओठ हलत होते. जन्मभर ज्या पट्ट्यांना हात लावू दिला नाही, त्या एकावर एक रचून त्यांनी पायाखाली घालायला दिल्या. पाणसळ धरली. अजून एकीची जागा होती. पेटीत हात घालून त्यांनी एक काढली आणि थांबले.

मुलगा वाकून बघत होता. त्याने ती त्यांच्या हातातून घेतली. पट्टीच्या मागे त्याचं नाव होतं, बाळबोध, 'इयत्ता पाचवी' सकट.

"ही तुम्ही ठेवली होती?" तो म्हणाला.

"साऱ्याच ठेवल्या," काकाजी म्हणाले. "तुही काऊन वापस देऊ? रेघ कुठं दाखवली तू?"

मला वाटलं, आता भांडण होणार. तो बराच वेळ पट्टी उलटसुलट करत राहिला. मग गुडघ्यावर बसला, ऑफिसच्या पँटसकट त्या ओल्या फरशीवर, आणि त्याने स्वतः ती बाकीच्या पट्ट्यांच्या मधोमध सारली. "बघा," म्हणाला.

काकाजींनी नळीतलं पाणी बघितलं. "आता भरा."

आधी जुनं पाणी, हळूहळू, ताटलीवर धार धरून. मग वरचं थोडं नवं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. शेवटी बादली तिरपी करून थोरली, मग धाकटी. दोघी तळाला जाऊन दडल्या. काकाजी थांबले. मुलगाही थांबला, घड्याळ न बघता. बऱ्याच वेळाने थोरली वर आली, टप्प, आणि पलटून खाली गेली. तेव्हा काकाजी उठले. माझा निरोप घेतला नाही. रेघेकडे एकदा बघितलं आणि काठी टेकत गाडीत जाऊन बसले.

त्यानंतर दर रविवारी, मासोळीच्या वेळेला, नागपूरहून फोन. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "रेघ?"

मी म्हणायची, सरळ हाय काकाजी. की फोन बंद. पैसे वाचवत असतील असं मला आधी वाटायचं. तसं नव्हतं. त्यांना हवं ते त्यांना मिळालेलं असायचं. एकदाच जास्त बोलले. मी विचारलं, तिकडे रविवारी मासोळी होते का. "होते ना. सून चांगली करते," म्हणाले. मग थांबून, "पन इथं पाठ कोनाकडे करून बसू?"

मी मोठमोठ्या सभांमध्ये प्रश्नोत्तरं घेते, पण त्या दिवशी फोन आधी मी ठेवला.

ते थंडीत गेले, झोपेत. शोकसभा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेत घेतली. हार घातलेला फोटो भिंतीवर किंचित डावीकडे कललेला होता. सगळे रडत होते आणि कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. सभा संपल्यावर मी स्टुलावर चढून तो सरळ केला.

त्यानंतर कितीतरी रविवार नुसते गेले. मी पाणी बदलते, अर्धंच. घरमालकीण दारात उभी राहून विचारते, "कधी कापता वो ह्याइले?" मी सांगते, पाहुण्या आहेत, घर मिळालं की जातील. बोडीवर प्लॉटचे दगड पडलेत, घर एकही झालेलं नाही. आमचा अर्ज अजून वरच्या कुठल्यातरी टेबलावर आहे. ते टेबल कोणत्या बाजूला उतरलेलं आहे हे मला माहीत आहे. नवं पत्रक लिहिते आहे. रविवारी त्या वेळेला बाहेर जायचं काम काढते, आणि बहुतेकदा जात नाही.

गेल्या रविवारी फोन वाजला. स्क्रीनवर 'काकाजी'. उचलला. पलीकडून मुलाचा आवाज, घसा साफ करून.

"रेघ?"

मी उकिडवी बसले. गाल काचेला टेकवला. "सरळ आहे."

"आणि माझी पट्टी?"

"खालीच आहे. मधली."

"राहू द्या," तो म्हणाला.

काकाजी इथे फोन ठेवत. त्याने ठेवला नाही. मलाही ठेववेना. तेवढ्यात पेटीत थोरली वर आली, हवा गिळून पलटली.

"हा कसला आवाज?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.

"आमच्या बोडीवर संध्याकाळी असाच यायचा," तो म्हणाला. आणि मग तो आवाज पुन्हा येईपर्यंत आम्ही दोघंही फोन धरून थांबलो.